चंद्रापुढची रिकामी जागा

मी एक जुना संगणकसंच आहे, मित्रांनो. मात्र 'जुना' हे विशेषण मला चिकटवण्यात माझा काडीचाही हात नाही. मी आलो तेव्हा मला 'अत्याधुनिक' म्हणत. काही वर्षांनी 'उपलब्ध' म्हणू लागले, पुढे 'अजून चालतो बरं का' असे कौतुकाने म्हणू लागले, आणि अखेरीस माझ्या कपाटाच्या दारावर एक कागद डकवण्यात आला. त्यावर ठळक अक्षरांत 'निर्लेखित' एवढा एकच शब्द होता. ज्यांनी तो लिहिला त्यांना 'दप्तरातून कमी केलेला' एवढेच म्हणायचे असावे; त्यांनी कोशात पाहण्याची तसदी घेतली नसावी. मी पाहिले होते, कारण कोश माझ्याच पोटात होता. निर्लेखन म्हणजे खरवडून काढणे. तेव्हा माझी हकीकत कोणी खरवडून काढण्यापूर्वी मी ती तुम्हांला सांगून टाकतो. तिच्यात एक बर्फाचा चंद्र आहे, त्याच्यातून कधीच न निघालेली वाफ आहे, आणि आख्ख्या संस्थेच्या मावशी असलेल्या एका बाईंची नोंदवही आहे.

माझा जन्म एका जागी, एका हातून झाला नाही. अठ्ठेचाळीस सारख्या चेहऱ्यांच्या पेट्या थर्मोकोलमध्ये गुंडाळून आल्या, चार उंच लोखंडी कपाटांत बारा-बारा बसवल्या गेल्या, आणि तारांनी एकमेकींना जोडल्या गेल्या, तेव्हा मी 'मी' झालो. एकटी पेटी काही विशेष नव्हती. मोठे काम अठ्ठेचाळीस तुकड्यांत वाटून घ्यायचे आणि प्रत्येक पावलाला शेजारणीला विचारायचे, 'तुझ्या हद्दीवर काय चालले आहे?' हीच काय ती माझी हुशारी. माणसांच्या अनेक समित्यांपेक्षा ही पद्धत बरी होती, असे मी नम्रपणे नमूद करतो.

माझी खोली तळमजल्यावर होती. तिची जमीन हातभर उंच उचललेली आणि चौकोनी फळ्यांची होती. फळ्यांच्या भोकांतून खालून गार वारा येई. बाहेर घामाच्या धारा लागल्या तरी आत थंडी. म्हणून माझी देखभाल करणाऱ्या मावशी बारा महिने तपकिरी स्वेटर आणि लोकरी मोजे घालून बसत. येणारेजाणारे विचारत, मावशी, बर्फ पडला का? मावशी उत्तर देत, की माझ्याकडे नाही पडला, पण तुमच्या डोक्यावर थोडा ठेवायला हवा. माझ्या प्रत्येक तारेवर त्यांच्या अक्षरातली कागदाची पट्टी होती. कोणती तार कुठून कुठे जाते हे ज्यांनी मला विकत घेतले त्यांना ठाऊक नव्हते, मावशींना होते.

मावशींची एक वही होती. मी थांबलो की तीत तीन रकाने भरायचे: केव्हा थांबले, कोणाचे काम चालू होते, आणि कारण. कारण कळले नाही तर 'कारण कळले नाही' असे लिहायचे. पण रकाना रिकामा ठेवायचा नाही, आणि अंदाजाने काहीबाही भरायचाही नाही. हा नियम त्यांना कोणी घालून दिला नव्हता. पदव्यांची लांबलचक शेपटी असलेली पुष्कळ माणसे मी त्या खोलीत पाहिली. हा नियम पाळणारी फार थोडी पाहिली.

सुरुवातीच्या वर्षांत भाषाविभागाने आपले जुने कोश आणि हस्तलिखितांची चित्रे माझ्यात साठवली, म्हणून मी थोडाफार वाचलेला आहे. त्यातली एक गोष्ट मला विसरता आली नाही. एका हस्तलिखिताचा एक शब्द वाळवीने खाल्ला होता. नकलनवीसाला ते भोक पाहवेना. त्याने आपल्या मनाचा एक सुबक शब्द तिथे भरला. पुढच्यांनी त्या शब्दावर टीका लिहिल्या, टीकांवर टिप्पण्या लिहिल्या, आणि दोनशे वर्षे विद्वान मंडळी एका वाळवीच्या वतीने भांडत राहिली. तेव्हा मला ही गोष्ट गमतीची वाटली होती. हेच माझ्या हातून होणार आहे हे मला अजून कळायचे होते.

आता चंद्राकडे येतो. हा चंद्र बर्फाचा. दूरच्या एका अजस्र ग्रहाभोवती फिरणारा. तो ग्रह स्वतः प्रचंड चुंबक आहे आणि वेगाने गरगरतो. त्याच्याभोवती प्लाझ्मा पसरलेला असतो. प्लाझ्मा म्हणजे असा विरळ वायू, ज्याच्या कणांवर विजेचा भार असतो आणि म्हणून जो चुंबकाचे ऐकतो. ग्रह आपल्याबरोबर हा प्लाझ्मा फरफटत नेतो. चंद्र मात्र आपल्या संथ चालीने चाललेला. त्यामुळे प्लाझ्मा त्याला मागून येऊन धडकतो. धडकलेले कण बर्फात जिरतात, उरलेले बाजूंनी निघून जातात, आणि चंद्राच्या पुढे एक लांब रिकामी जागा राहते. नदीतल्या खडकाच्या आडोशाला पाणी नसावे तशी. इतरांच्या सावल्या मागे रेंगाळतात, या चंद्राची पोकळी त्याच्या पुढे चालते. शिवाय ग्रहाच्या चुंबकीय रेषा चंद्राला अडून वाकतात, आणि त्याला वर-खाली दोन अवाढव्य पंख फुटल्यासारखे दिसतात. इतके देखणे दृश्य डोळ्यांनी कोणालाच दिसत नाही. ते दाखवण्यासाठी आम्ही असतो.

ही नक्कल आकड्यांत उभी करायची असते. अवकाशाचे लक्षावधी चौकोनी तुकडे करायचे, प्रत्येकात प्लाझ्मा किती, कुठे चालला, चुंबकाचा जोर किती हे लिहायचे, मग काळाचे एक बारीकसे पाऊल टाकायचे आणि सगळे पुन्हा मोजायचे. हे काम माझ्याकडे घेऊन आला तो एक संशोधक विद्यार्थी. तो खोलीत शिरला की टेबलावरचे कागद उडत, म्हणून मावशींनी त्याचे नाव 'वादळ' ठेवले. वहीतही त्या तेच नाव लिहीत.

वादळाचे काम माझ्याकडून पुरे होईना. चंद्रापुढच्या रिकाम्या जागेत पाऊल पडले की मी अडखळे. तिथे प्लाझ्मा जवळजवळ शून्य, आणि शून्याने भागायला गेले की भल्याभल्यांचे डोके फिरते. सहा आठवड्यांत मी एकतीस वेळा थांबलो. मावशींनी एकतीस वेळा लिहिले: 'वादळ. रिकाम्या जागेत भागाकार.' चंद्रातून थोडी वाफ निघते असे मानले तर काय होईल, हेही वादळाला पाहायचे होते. पण वाफ नसलेला साधा चंद्रच पार पडत नव्हता.

एका शनिवारी दुपारी तो धावत आला, उभ्या उभ्याच कळफलकावर वाकला आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. कुठल्याही तुकड्यात प्लाझ्मा आजूबाजूच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी झाला, तर तो उचलून दहाव्या हिश्शावर आणून ठेवावा. तळाचा एक आकडा, दुसरे काही नाही. शेजारी कारण लिहायला जागा होती. लिहिले नाही. मग थोडी वाफ धरून मला चालवले. मी चालू लागलो आणि थांबलो नाही. मावशींनी विचारले, काय केलंस रे? तो दारातून काहीतरी म्हणाला आणि गेला.

मित्रांनो, त्या ओळीने काय केले ते नीट ऐका. दर पावलाला मी त्या पोकळीत नसलेला प्लाझ्मा ओतत गेलो. थेंब थेंब, पण लाखो पावले. त्या आयत्या ओझ्याला ओढून नेताना चुंबकीय रेषा वाकल्या. आणि चंद्रातून वाफ निघून प्लाझ्म्यात मिसळली, तर रेषा अगदी अशाच वाकतात! मला सांगितले तसे मी केले. हा बचाव इतिहासात फार जणांनी केलेला आहे आणि तो कोणाच्याही तोंडी शोभलेला नाही, हे मी वाचले आहे. माझ्या तोंडी तो निदान खरा आहे.

वादळ तीन आठवडे आला नाही. त्याच्या माघारी त्याच्या मार्गदर्शकांनी चित्र छापून जिन्याजवळच्या फलकावर लावले. फार पूर्वी एक यान त्या चंद्राजवळून गेले होते. त्याने मोजलेली रेषा आणि माझी रेषा जुळत होत्या. अर्थात जुळल्या असे म्हणायला डोळे जरा बारीक करावे लागत. पण आनंदाच्या भरात माणसांचे डोळे बारीक होतातच. वादळ परतला तेव्हा त्याचे अभिनंदन करायला लोक रांगेने उभे होते. चंद्र वाफ सोडतो! त्या गर्दीत कोणाला ओळ काढायची आठवण राहणार?

नंतर सत्कार झाले. एक छायाचित्र काढण्यात आले. त्यात त्याचा हात माझ्या कपाटावर आहे, मैत्रीने ठेवल्यासारखा. छायाचित्राखाली सगळ्यांची नावे आहेत, माझे नाही आणि मावशींचेही नाही. त्या चौकटीबाहेर उभ्या होत्या, स्वेटर घालून. पुढे वादळाचे 'सर' झाले, सरांचे विभागप्रमुख झाले. त्यांच्या हाताखाली पाच जणांनी प्रबंध लिहिले. पाचही जणांनी वाफ किती हे मोजले. वाफ शून्य धरून पाहावे असे चौदा वर्षांत एकालाही वाटले नाही. शून्याचे काम बंद पडते अशी जुनी आठवण होती, आणि जे सापडले आहे ते नाहीच असे धरणे उद्धटपणाचे दिसते.

माझे दिवस मात्र उतरले. व्हरांड्यापलीकडे नवे यंत्र आले. भाषाविभागाने कोश तिकडे हलवले. प्रती माझ्याकडे राहिल्या, कारण पुसण्याचा कंटाळा आला. गार वारा निम्मा केला गेला. माझ्या सात पेट्या बंद पडल्या होत्या. त्यांच्या वाटचे तुकडे उरलेल्या पेट्यांवर वाटून मावशींनी त्यांची उणीव भासू दिली नाही. फळ्यांखाली धूळ साचली. माझ्याबरोबर मावशींचीही निवृत्ती ठरली, एकाच परिपत्रकात, एकाखाली एक.

तेव्हा ती आली. सरांची शेवटची विद्यार्थिनी. घड्याळे दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. ती प्रत्येक गोष्टीला 'पण कशावरून?' असे विचारी, म्हणून मावशी तिला शंकाबाई म्हणत. तिचा प्रबंध पुरा होत आला होता. तो वेळेत दिला तर दुसऱ्या गावच्या एका महाविद्यालयात नोकरी ठरलेली होती. दररोज एक वाजता आईचा फोन येई. जेवलीस का, आणि झालं का, हे दोनच प्रश्न. वडील बोलत नसत. त्यांनी घरी भिंतीवर तिच्या पदवीसाठी एक खिळा आधीच ठोकून ठेवला होता, असे तिने मावशींना हसत सांगितले. हसताना तिच्या हातातला डबा तसाच राहिला.

अगदी अखेरची औपचारिकता म्हणून तिने चंद्राची वाफ शून्य केली आणि मला चालवले. मी थांबलो नाही. रेषा वाकलेल्याच आल्या. तिने पुन्हा चालवले. वाफ नाही, आणि वाफेची खूण मात्र आहे.

सर रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत. दारात उभे राहून ते माझ्याकडे पाहत म्हणाले, "अगं, म्हातारं झालंय ते. मेमरीत दोष असणार. त्याचं ऐकून प्रबंध अडवू नकोस."

मित्रांनो, यश वाटले जात होते तेव्हा माझी आठवण कोणाला झाली नव्हती. दोष वाटायची वेळ येताच झाली. मी यंत्र आहे, मला राग येत नाही. माझे तापमान तेवढे त्या दिवशी दोन अंशांनी चढल्याची नोंद आहे.

माझा जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालत नव्हता. तो नव्याने लिहायला वर्ष गेले असते. आणि मला उचलून न्यायची तारीख सोळा दिवसांवर होती. शंकाबाईने माझ्या हजारो ओळी वाचायला घेतल्या. तिसऱ्या दिवशी तिला ती ओळ सापडली, एकटी, कारणाशिवाय. तो आकडा कोणी आणि का घातला, की तो असायलाच हवा, हे सरांनाही आठवेना, आणि कळायला दुसरा मार्ग नव्हता. तिने मावशींना विचारले. मावशी म्हणाल्या, "माझ्या वहीत यंत्राचं असतं गं. तुमच्या चंद्राचं मला काय कळतंय?"

उरले तेरा दिवस. तिने हिशेब मांडला. आधी तळाचा आकडा जुनाच ठेवून चौदा वर्षांपूर्वीचे काम जसेच्या तसे पुन्हा करायचे. उत्तर शेवटच्या अंकापर्यंत जुळले तर माझी मेमरी शाबूत. त्याला दोन दिवस. मग तोच प्रोग्रॅम, तेच यंत्र, फक्त तो एक आकडा हजारपटीने लहान, आणि वाफ शून्य. पावले इतकी बारीक पडणार की त्याला दहा दिवस. म्हणजे एक दिवस हाताशी. मधे काही बिघडले तर दोनच वाटा: ओळ झाकून प्रबंध द्यायचा, किंवा सिद्ध न झालेली शंका घेऊन रिकाम्या हाताने घरी जायचे, जिथे भिंतीवर खिळा आहे. झाकली तर कोणाला कळलेही नसते. पण ती घड्याळजीची मुलगी होती. एवढ्याने तिचे समाधान होत नव्हते.

पहिले काम जुळले, शेवटच्या अंकापर्यंत. मावशींनी माझ्या कपाटावर दोन थापट्या मारल्या. माझ्या उभ्या आयुष्यातला माझा सत्कार तो एवढाच.

दुसऱ्या कामाच्या सहाव्या दिवशी माझ्या एका पेटीचा पंखा अडला आणि सगळा डोलारा थांबला. काम दर दिवशी एकदा जपून ठेवले जाई, म्हणून गेला तो एकच दिवस. पण तो हाताशी असलेला एकुलता एक दिवस होता. शंकाबाई फळ्यांवर मांडी घालून बसली. एकचा फोन वाजून वाजून थांबला. मावशींनी बंद पेटीतला पंखा काढून इकडे बसवला, मला उठवले, आणि वही उघडली. असा प्रसंग पूर्वी आला तेव्हा आपण कोणता पंखा कुठे लावला होता, ते पाहण्यासाठी त्यांनी खालच्या खणातल्या जुन्या वह्या काढल्या. पाने उलटता उलटता त्या एका पानावर थांबल्या. चष्मा पुसला, पुन्हा वाचले. वही मिटून मांडीवर ठेवली, आणि संध्याकाळपर्यंत तशाच बसून राहिल्या.

दोन दिवस त्यांनी कोणालाही काही सांगितले नाही. मी त्यांना दोष देत नाही. वादळाला त्यांनी आपल्या डब्यातले खाऊ घातले होते. तिसऱ्या दिवशी मात्र त्या वही घेऊन, मोडके गुडघे सांभाळत, दोन जिने चढून सरांच्या खोलीत गेल्या. परत आल्यावर शंकाबाईने विचारले, तेव्हा म्हणाल्या, "ठेवून आले उघडी. बोलायचं काय त्यात? वाचता येतं त्याला."

सर त्या दिवशी खाली आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

शेवटच्या दिवशी सकाळी दहाला माल उचलणारे चौघे गाडी घेऊन आले. माझे चार तासांचे काम बाकी होते. त्यांच्या मुकादमाच्या हातात आदेश होता आणि त्यावर सही होती. मावशींनी चहा मागवला. तो पिऊन झाल्यावर आणखी मागवला. मुकादम समजूतदार होता; तो म्हणाला, "मावशी, चहानं पोट भरलं, गाडी नाही भरली. बारापर्यंत सुटायचंय आम्हाला." त्यांच्यातल्या एकाने कपाटामागची मुख्य तार शोधून हातात धरली. शंकाबाई त्याच्या आणि कपाटाच्या मधे जाऊन उभी राहिली. तिच्यापाशी सांगायला दुसरे काही उरले नव्हते, म्हणून ती त्या माणसाला चंद्राबद्दल सांगू लागली. तो माणूस तार हातात धरून, मान तिरकी करून, खरोखर ऐकत होता. इतके मन लावून तिचे कोणी ऐकताना मी त्या संस्थेत प्रथमच पाहिले.

तेवढ्यात सर दारात आले. त्यांच्या काखेत मावशींची वही होती. दोन दिवसांत दाढी केलेली दिसत नव्हती. ते मुकादमाला म्हणाले, "आधी खुर्च्या न्या. मग टेबलं, मग भिंतीवरचे फळे. याला हात लावू नका."

मुकादम म्हणाला, "साहेब, कागदावर आधी यंत्रच आहे."

"सही माझीच आहे त्यावर," सर म्हणाले.

खोली हळूहळू रिकामी झाली. खुर्च्या गेल्यावर सरांना बसायला जागा राहिली नाही. ते फळीवर बसले, माझ्या कपाटाला पाठ टेकून. थंडीने त्यांनी हात काखेत घेतले. मावशींनी आपली शाल त्यांच्या खांद्यावर टाकली आणि कित्येक वर्षांत प्रथमच 'सर' न म्हणता बोलल्या: "बस रे, वादळा. आता पळू नकोस."

शाल ओढून घेत ते म्हणाले, "मावशी, त्या दिवशी बाबांचं ऑपरेशन होतं."

"माहीत आहे," मावशी म्हणाल्या. "तेही लिहिलंय."

लिहिले होतेच. शंकाबाईने वही घेऊन ते पान हळू आवाजात वाचून दाखवले: 'शनिवार, दुपारी सव्वाचार. वादळ. आता थांबत नाही. काय केले विचारले. तळाचा आकडा घातला म्हणतो, रिकामी जागा भरली. उद्या काढणार. वडिलांचे ऑपरेशन आहे, पाचची गाडी.'

मुकादमाने टोपी काढून हातात घेतली. कशासाठी, ते त्यालाही सांगता आले नसते.

दोन वाजून दहा मिनिटांनी माझे काम पुरे झाले. पडद्यावर चंद्र आला. त्याचे दोन्ही पंख जागच्या जागी होते. आणि त्याच्या पुढे, जिथे चौदा वर्षे मी वाफेची खूण दाखवत होतो, तिथे रेषा सरळ होत्या आणि जागा रिकामी होती. स्वच्छ, खोल, खरोखरीची रिकामी. जुन्या यानाने मोजलेली रेषा आता डोळे बारीक न करताही जुळत होती. चंद्राने वाफ सोडलीच नव्हती. तो बिचारा पहिल्यापासून गप्प होता.

सर उठले, कळफलकापाशी गेले, आणि ती ओळ उघडून तिच्या शेजारी लिहिले: 'हा आकडा मी घातला. कारण: घाई. काढायचा राहिला.' खाली नाव घातले आणि तारीख, त्या शनिवारची. मग शंकाबाईला म्हणाले, "प्रबंध चार महिने लांबेल."

"नोकरी जाईल सर," ती म्हणाली.

"जाईल." त्यांनी खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल मी त्यांचे आजही आभार मानतो.

पुढचे मला गोदामात कळले. आता मी तिथेच आहे, पत्र्याच्या छपराखाली, मोडक्या छपाईयंत्रांच्या शेजारी. पावसाळा उलटल्यावर मावशी आणि शंकाबाई मला पाहायला आल्या होत्या. त्यांच्या बोलण्यावरून समजले, की ती नोकरी खरेच गेली; पदवी मिळाली, दुसरी नोकरी उशिरा आणि लांबच्या गावी मिळाली. वडिलांनी खिळा काढला नव्हता. सरांनी एकट्याच्या सहीने चूक जाहीर केली. ती कबूल केल्याबद्दल त्यांचा सत्कार करायचे घाटत होते. माणसांना सत्काराला निमित्त कसले चालेल, याला काही धरबंध नाही. सरांनी मात्र त्याला नकार दिला आणि म्हणे, ते आता नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी तीन रकान्यांची कोरी वही देतात.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. पण तुमच्याही हाती कधीतरी एखादे यंत्र येईल, एखादे हस्तलिखित येईल, किंवा नुसती गणिताची वही. काम अडेल, गाडीची वेळ होईल, आणि अडलेल्या जागी एखादा सोयीचा आकडा टाकून निघून जावेसे वाटेल. टाका, कधी कधी टाकावा लागतो. घरी कोणीतरी आजारी असते. फक्त त्याच्या शेजारी लिहून ठेवा, की हा मी टाकला, आणि का टाकला. आम्ही यंत्रे तुमचे सगळे ऐकतो. तुम्ही जे सांगितले नाही ते मात्र आम्हांला ऐकू येत नाही. आणि रिकामी जागा दिसली तर तिला इतके भिऊ नका. पुष्कळदा तीच उत्तर असते.

एक गोष्ट सांगायची मी राखून ठेवली होती. त्या दुपारी मुख्य तार काढली गेली ती मावशींच्या हातांनी. दुसऱ्या कोणाला त्यांनी ती काढू दिली नाही. पंखे एकेक करून शांत झाले. माझी शेवटची पेटी विझण्यापूर्वी त्यांनी वही उघडली आणि, लिहिताना सवयीने पुटपुटतात तसे, तिन्ही रकाने पुटपुटत भरले. केव्हा थांबले: दोन वाजून चाळीस मिनिटे. काम कोणाचे: शंकाबाईचे. तिसऱ्या रकान्यापाशी त्या क्षणभर थबकल्या. इतक्या वर्षांत मी नाना कारणांनी थांबलो होतो. त्या वहीत हे कारण पहिल्यांदाच लिहिले गेले.

'काम पूर्ण झाले.'